आवाज फाटतो तेव्हा

माझी डिग्री इलेक्ट्रॉनिक्सची आणि नोकरी सॉफ्टवेअरची. दुसऱ्या वर्षाला आम्हाला ‘क्लिपर’ नावाचं सर्किट होतं. दोन डायोड उलटसुलट जोडायचे, ऑसिलोस्कोपवर लाटेचे माथे सपाट झालेले दिसले की जर्नलमध्ये आकृती काढायची आणि सही घ्यायची. या एवढ्याशा सर्किटवर क्लासिक रॉकचा केवढा संसार उभा आहे, ते मला नोकरी लागल्यावर, पुण्यात पहिली इलेक्ट्रिक गिटार घेतल्यावर कळलं.

अॅम्पला झेपेल त्यापेक्षा जास्त सिग्नल दिला की लाटेचा माथा कापला जातो. कापलेल्या लाटेत मूळ सुराच्या तिप्पट, पाचपट कंपनांचे सूर मिसळतात आणि आवाज खरखरीत, भरलेला होतो. आपल्याकडे याला साधा शब्द आहे : आवाज फाटतो. सुरुवातीला तो बिघाडच होता. 1951 च्या ‘रॉकेट 88’ या गाण्यातला गिटारचा अॅम्प वाटेत खराब झाला होता म्हणतात. तोच रेकॉर्डिंगला वापरला. 1964 मध्ये ‘द किंक्स’च्या डेव्ह डेव्हिसने स्पीकरचा कागद चक्क ब्लेडने कापला आणि ‘यू रिअली गॉट मी’चा आवाज मिळवला. मग व्हॉल्व्हचे अॅम्प पूर्ण आवाजावर ठेवून वाजवायची पद्धत पडली. फ्लॅटमध्ये असं केलं तर सोसायटीची मीटिंग बसेल. तोच फाटका आवाज कमी आवाजात देणारा, पायाने दाबायचा डबा म्हणजे ओव्हरड्राइव्ह पेडल.

माझं पेडल ट्यूब स्क्रीमरच्या घराण्यातलं, हिरवं. हे डिझाइन जपानचं, 1970 च्या दशकाच्या शेवटचं. आत एक ऑप-अॅम्प आणि त्याच्या फीडबॅकमध्ये आमच्या जर्नलमधले तेच दोन डायोड. साधारण 720 हर्ट्झच्या खालचे सूर ते कमी वाढवतं, म्हणून जाड तारांचा चिखल होत नाही आणि मधले सूर पुढे येतात. मूळ सिग्नलही पुसला जात नाही. फाटलेल्या आवाजाच्या आत तो चालूच राहतो.

पेडल पहिल्यांदा लावलं तेव्हा मला आवाज ओळखीचा वाटला. तो मी रॉकच्या आधी ऐकला होता, पोलादपूरला, मामाच्या बेंजोतून.

कोकणाबाहेरच्यांसाठी सांगतो : आमचा बेंजो म्हणजे अमेरिकन बँजो नव्हे. 1912 मध्ये जपानच्या नागोयात गोरो मोरिता यांनी टाइपरायटरसारखी बटणं असलेलं ‘ताइशोगोतो’ हे तंतुवाद्य बनवलं. ते भारतात बुलबुल तरंग झालं, आणि आपल्याकडच्या मिरवणुकांत त्याला पिकअप लागून बेंजो झालं. मामाची पार्टी टेम्पोवर भोंगे बांधून निघायची. भोंग्यातून खर्ज जवळजवळ येतच नाही, मधले सूर तेवढे पुढे येतात. त्यात मिक्सरचे सगळे खटके वर. म्हणजे रस्त्यावरचा ट्यूब स्क्रीमरच.

2021 च्या जुलैत सावित्री आणि गांधारीचं पाणी महाडात शिरलं. पार्टीचा मिक्सर, अॅम्प, भोंगे महाडलाच एका गाळ्यात होते. पाणी ओसरल्यावर त्यातून चिखल निघाला. बेंजो तेवढा पोलादपूरला घरी होता, म्हणून वाचला. तोवर मिरवणुकांना डीजे ठरायला लागले होते. सामान परत घ्यायचं आणि सुपारी मिळेल की नाही ते माहीत नाही, म्हणून आठ जणांची पार्टी बसली ती बसलीच. मामा वडापावच्या गाडीवर उभा राहायला लागला. बेंजो कपाटावर गेला.

गेल्या दिवाळीत मी पेडल आणि छोटा अॅम्प घेऊन गावी गेलो. मामी म्हणाली, “महाडचा एक जण बेंजो बघून गेलाय. चार पैसे तरी येतील.” मामा काही बोलला नाही. मी कपाटावरून बेंजो काढला, तारा पुसल्या, पेडलला पिन लावली आणि ड्राइव्हचा खटका पूर्ण फिरवला. मला वाटलं, मामाला मिरवणूक आठवेल.

त्याने दोन मिनिटं वाजवलं आणि थांबला.

“हळू मारलं काय नि जोरात मारलं काय, सारखंच येतंय. मग हाताला काम काय?”

“तुझे भोंगे तर याच्यापेक्षा फाटायचे, मामा.”

“ते बाहेरच्याला. मी मिक्सरच्या बाजूला बसायचो. कुठली तार कधी फाडायची ते माझ्या हातात होतं.”

त्याने स्वतःच खटका उलटा फिरवत पाव भागावर आणला आणि लेव्हल वाढवली. आता नखी हलकी लागली की सूर स्वच्छ, जोरात लागली की फाटलेला. सिलिकॉनचा डायोड साधारण 0.6 व्होल्ट ओलांडल्याशिवाय नीट उघडत नाही. त्या उंबरठ्याच्या आसपास सिग्नल ठेवला की अलीकडे राहायचं की पलीकडे जायचं, ते बोटं ठरवतात. जुने गिटारवाले ड्राइव्ह कमी ठेवा म्हणून सांगतात, ते याचसाठी. मला डायोड पाठ होता, तरी मी तीन वर्षं खटका पूर्ण फिरवूनच वाजवत होतो. मामाने ते दोन मिनिटांत कानाने पकडलं.

त्या रात्री त्याने जुनी कोळीगीतं वाजवली. शेजारची दोन पोरं दारात येऊन बसली. मामी आतून म्हणाली, “आता जेवा की.” पण तीही तिथेच उभी होती.

पार्टी परत उभी राहील असं नाही. भोंगे, टेम्पोचं भाडं, आठ जणांची मजुरी हा हिशोब एका पेडलने जुळत नाही. पेडल मात्र मी पोलादपूरलाच ठेवून आलो. महाडच्या माणसाला मामाने अजून फोन केलेला नाही.

परवा त्याचा फोन आला. डबा बंद पडला होता.

“चौकोनी, 9 व्होल्टची बॅटरी माग. मल्टिमीटरला लागते ती,” मी सांगितलं. “आणि वाजवून झालं की पिन काढून ठेव, नाहीतर बॅटरी उतरते.”

“पिन काढतो की,” मामा म्हणाला. “रोज वाजवतो म्हणून उतरली.”