परताव्याचे धनी

कर भरणारा एक असतो आणि सोसणारा दुसराच, हे अर्थशास्त्राच्या पुस्तकात वाचण्याआधी आम्ही दोघे भाऊ बडोद्यात, रावपुऱ्यातल्या आमच्या दुकानात शिकलो. २० फेब्रुवारी २०२६ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निर्णय दिला, की १९७७ च्या आणीबाणीविषयक कायद्याने राष्ट्राध्यक्षांना आयातशुल्क लादण्याचा अधिकार मिळत नाही. भरलेले शुल्क परत मिळावे म्हणून तेथील आयातदार न्यायालयांकडे धावल्याच्या बातम्या वाचताना आम्हाला अण्णांची जुनी बिलबुके आठवली.

आजोबा सयाजीराव महाराजांच्या काळात कोकणातून बडोद्यास आले. शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांना उपकरणे पुरविण्याचा त्यांचा व्यवसाय पुढे अण्णांनी सांभाळला. १९९३ साली अण्णांनी जर्मनीहून चौदा सूक्ष्मदर्शक मागविले. मुंबई बंदरात त्यांवर चुकीच्या शीर्षकाखाली जादा दराने आकारणी झाली. माल अडकून पडू नये म्हणून अण्णांनी निषेध नोंदवून शुल्क भरले, अपील केले आणि परताव्याचा अर्ज दिला. जादा गेलेली रक्कम बेचाळीस हजार होती. नगामागे तीन हजार. त्या काळी आमच्यासारख्या दुकानाला ती थोडी नव्हती. बँकेचे कर्ज डोक्यावर होते.

अपिलाचा निकाल आमच्या बाजूने लागला; परंतु पाठोपाठ नोटीस आली. शुल्काचा बोजा ग्राहकांवर टाकलेला नाही हे सिद्ध करा, अन्यथा रक्कम ग्राहक कल्याण निधीत जमा होईल, असा तिचा आशय होता. १९९१ साली कायद्यात झालेल्या दुरुस्तीने ही अट आली होती. बोजा ग्राहकाने सोसला असेच कायदा गृहीत धरी; उलट सिद्ध करण्याची जबाबदारी आयातदाराची. डिसेंबर १९९६ मध्ये मफतलाल इंडस्ट्रीजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने हेच तत्त्व उचलून धरले. ज्याने झळ सोसली नाही त्याला परतावा देणे म्हणजे एकाच रकमेचा दोनदा लाभ देणे, हा त्यामागचा विचार.

आमचे हिशेबनीस तरुण होते, मनाने चांगले होते. ते म्हणाले, "काका, एका दाखल्याचं तर काम आहे. सगळेच देतात." आम्हा दोघा भावांनाही ते पटले. पैसा आपल्या खिशातून गेला, मग तो परत आपल्याकडेच यायला नको का?

अण्णांनी काही उत्तर दिले नाही. रात्री जेवणे झाल्यावर त्यांनी बिलबुके काढली आणि आम्हाला समोर बसविले. अकरा सूक्ष्मदर्शकांच्या किमतीत ते तीन हजार स्पष्ट मिळविलेले दिसत होते. उरलेले तीन एका शाळेला आधीच कबूल केलेल्या दराने दिले होते; तेथे भुर्दंड आपल्यावर पडला होता. "हे नऊ हजार आपले," अण्णा म्हणाले. "तेहतीस हजार आपण अगोदरच घेतलेत." दाखला तेवढ्याच रकमेचा गेला.

त्या रात्री आम्ही अण्णांवर रागावलो होतो, हे कबूल केले पाहिजे. निधीत गेलेल्या पैशातून आपल्या अकरा गिऱ्हाइकांना काय मिळणार, हा आमचा प्रश्न चुकीचा नव्हता. अण्णांनाही तो सुटला नव्हता. बोजा सोसणाऱ्या खरेदीदाराला स्वतः परतावा मागता येतो, असे त्यांना वकिलाकडून कळले. पण त्यासाठी खरेदीपासून सहा महिन्यांची मुदत होती, आणि ती केव्हाच उलटून गेली होती. आपण निषेध नोंदवून आपला हक्क राखला, गिऱ्हाइकांना मात्र वेळीच सांगितले नाही, ही खंत त्यांनी पुष्कळ दिवस बाळगली. शेवटी अकराही जणांना त्यांनी पत्रे लिहिली. एका वृद्ध डॉक्टरांखेरीज कोणाचे उत्तर आले नाही. "यंत्र उत्तम चालते," एवढेच त्यांनी कळविले होते.

अमेरिकेतही सरकारदरबारी शुल्क ज्याच्या नावे जमा, परतावा मागणारा तोच. त्यात ज्यांनी किंमत न वाढविता तोटा गिळला असे लहान व्यापारी असतील. आमच्या त्या तीन सूक्ष्मदर्शकांसारखी त्यांची मागणी रास्त आहे. ज्यांनी वाढीव किंमत वसूल केली, त्यांच्याही हाती बिलबुके असतीलच. ती उघडून पाहण्याची सक्ती कायदा करील किंवा न करील.

दुकान बंद करताना कागदपत्रांचा ढीग रद्दीत गेला. १९९३ चे बिलबुक तेवढे आम्ही ठेवून घेतले. त्यात त्या अकरा पत्रांच्या कार्बन प्रती आहेत; प्रत्येकीत अण्णांनी रक्कम आधी लिहिली आहे आणि क्षमायाचना नंतर.