दप्तर

‘दप्तर’ या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. शाळेला निघालेले मूल पाठीवर घेते तेही दप्तर आणि पुण्यात रुमालांत बांधून जपलेली पेशव्यांची कागदपत्रे तेही दप्तरच. शिकणे आणि नोंद ठेवणे या दोन्ही गोष्टी फारसीतून आलेल्या या एकाच शब्दात सामावल्या आहेत. इचलकरंजीच्या अभ्यासकेंद्रावर समंत्रक म्हणून शिकवताना मला हा शब्द वारंवार आठवतो. समोर बसलेल्या बहुतेकांच्या पाठीवरचे दप्तर परिस्थितीने केव्हाच उतरवलेले असते आणि इतिहासाच्या दप्तरात त्यांचे नाव कधी आलेलेच नसते.

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा औपचारिक इतिहास सांगणे अवघड नाही. ब्रिटनचे मुक्त विद्यापीठ १९६९ साली स्थापन झाले. आपल्याकडे १९८२ मध्ये आंध्र प्रदेशात आणि १९८५ मध्ये दिल्लीत तशी विद्यापीठे निघाली. जुलै १९८९ मध्ये नाशिक येथे आपले विद्यापीठ स्थापन झाले. डॉ. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद. बारावीपर्यंत पोहोचू न शकलेल्यांसाठी पूर्वतयारीचा अभ्यासक्रम हे त्या ब्रीदाचे प्रत्यक्ष रूप. कायदे, अहवाल आणि पदवीदानाच्या पुस्तिका यांतून एवढे सहज हाती लागते.

पण गंगा घरोघरी गेली, तेव्हा त्या घरांत काय घडले?

इतर विद्यापीठांच्या आठवणींना राहायला जागा असते. वसतिगृह असते, ग्रंथालयाच्या पायऱ्या असतात, झाडाखालचा कट्टा असतो. आपल्या विद्यार्थ्याला यांतले काहीच लाभत नाही. त्याचा वर्ग म्हणजे स्वयंपाकघराचा ओटा, एस.टी.ची खिडकी किंवा रातपाळीनंतरची पहाट. इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग आला आणि पुढे सारे गावच मागांच्या आवाजात वाढले. त्या आवाजात वाचायला शिकलेली माणसे माझ्या वर्गात येतात. कोणी वहिफणीचे काम करतो, कोणी कांड्या भरते, कोणी सायझिंगमध्ये हिशेब लिहितो.

एका विद्यार्थ्याचे पुस्तक मी एकदा चाळायला घेतले होते. पानावर संतसाहित्याची वैशिष्ट्ये अधोरेखित केलेली आणि समासात पेन्सिलीने आठवड्याच्या मजुरीचा हिशेब: मीटर किती, पीक किती, दर काय, उचल किती वजा. त्या एका पानावर विद्यापीठाचा जो इतिहास होता, तो कोणत्याही अहवालात मिळणार नाही. परीक्षा संपल्यावर ते पुस्तक रद्दीत गेले. त्याच्या दृष्टीने त्याचे काम झाले होते.

प्रवेश अर्जात जन्मतारीख, प्रवर्ग, पूर्वीचे शिक्षण यांना रकाने असतात. वीस वर्षांनी पुन्हा शिकावेसे का वाटले, याला रकाना नसतो. एका बाईंना मी ते विचारले. त्या म्हणाल्या, “सर, लेकीच्या शाळेत सही करायला गेले की बाकीच्या आया फॉर्म वाचतात, मी नुसती बघते. तेवढं नको होतं.” त्या दुसऱ्या वर्षी यायच्या थांबल्या. निकालपत्रकाच्या भाषेत त्या अपूर्ण ठरल्या. पण पहिल्या वर्षभरात त्या फॉर्म वाचू लागल्या होत्या. उत्तीर्णांच्या आकड्यांवरून लिहिलेल्या इतिहासात या बाईंना जागा मिळणार नाही.

पहिल्या तुकड्यांतील अनेक विद्यार्थी आता निवृत्तीच्या वयाला आले आहेत किंवा ते ओलांडून गेले आहेत. त्यांच्या आठवणी लिहून घेण्याचा काळ हाच आहे. त्यासाठी मोठा प्रकल्पच हवा असे नाही. आपल्या अभ्यासक्रमात आत्मकथन हा वाङ्मयप्रकार आहे. त्याचा अभ्यास करणाऱ्याने स्वतःचे एक पान लिहायला काय हरकत आहे? प्रवेश कोणत्या वर्षी घेतला, पुस्तक कुठे ठेवत होतो, घरात कोणी साथ दिली, कोणी टोमणा मारला, कोणत्या आठवड्यात सोडून द्यावेसे वाटले. तारीख घालावी, गावाचे नाव घालावे, आणि जे अर्धवट राहिले तेही लिहावे. शेजारच्या एखाद्या जुन्या विद्यार्थ्याला बोलते करावे आणि त्याचे शब्द त्याच्याच बोलीत टिपावेत.

आमच्या गावातून रोज कापडाचे तागे बाहेर जातात. त्यांवर व्यापाऱ्याचा शिक्का असतो. विणणाऱ्याचे नाव नसते. कापडाच्या बाबतीत ही रीत शतकभर चालत आली आहे. आपल्या शिक्षणाच्या बाबतीत ती मोडणे मात्र आपल्याच हाती आहे.