धरणग्रस्तांच्या मनाचं पुनर्वसन कोण करणार?

पुनर्वसनाच्या १८ नागरी सुविधांत रस्ता आहे, शाळा आहे, स्मशानभूमीही आहे. माणसाच्या मनाचं त्यात काही नाही.

गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ साली झालं. त्यात गाव गेलेली माझी मावशी आज पुनर्वसित वस्तीत राहते. पावसाळ्यात धरणाचे ३३ दरवाजे उघडल्याची बातमी आली, की लोक वैनगंगेचं पाणी बघायला जातात. मावशी रात्रभर जागी असते. जुन्या घराची भिंत खचल्याचा आवाज येतो म्हणते. एका डॉक्टरनं झोपेच्या गोळ्या दिल्या. कुणी बाबाकडे न्यायलाही सांगितलं. तिला काय आठवतं, हे मात्र कुणी विचारलं नाही.

‘ईएमडीआर’ या उपचाराबद्दल वाचलं तेव्हा मीही बिचकलो. रुग्णानं ती जीवघेणी आठवण मनात धरायची आणि थेरपिस्टच्या डावी-उजवीकडे फिरणाऱ्या बोटामागे नजर फिरवायची. झाडफूक सोडून आलेल्या आपल्या माणसांना हा नवा उताराच वाटेल! पण तपासून घ्या, हे कालाम सुत्तात बुद्धानंच सांगितलं आहे. अमेरिकेतल्या फ्रान्सिन शपिरो यांना ही पद्धत १९८७ साली सुचली. २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेनं आघातानंतरच्या मानसिक त्रासासाठी तिची शिफारस केली. गुण नेमका डोळ्यांच्या हालचालीमुळेच येतो का, यावर संशोधकांत वाद आहे. एक स्पष्टीकरण असं, की मेंदू एकाच वेळी दोन कामांत गुंतला की आठवणीची धार बोथट होते. आठवण राहते, पण अंगावर येत नाही. मंत्र श्रद्धा मागतो. इथे परिणाम मोजता येतो, वाद घालता येतो.

माझी अडचण वेगळीच आहे. संकट संपलं, आता तू सुरक्षित आहेस, हे रुग्णाला जाणवलं तर अशा उपचाराला आधार मिळतो. मोबदल्यासाठी वर्षानुवर्षं कचेरीच्या पायऱ्या झिजवणाऱ्याचं संकट कुठे संपलंय? खैरलांजीही याच भंडारा जिल्ह्यातली. तिथल्या २००६ च्या हत्याकांडानंतर गावोगावच्या आपल्या बायकांच्या मनात बसलेली भीती निव्वळ भूतकाळाची होती का?

म्हणून काही सहकारी म्हणतात, आधी न्याय, मग थेरपी. ही शहरी चोचले. मला हे पटत नाही. धरण्यावर बसणाऱ्या बाईलाही रात्री झोप लागली पाहिजे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं सरकारी सेवेतून उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे. तो मोबदल्याच्या निवेदनातच लिहून मागायचा : पुनर्वसित गावात ठरल्या दिवशी येणारा, झाडीबोली समजणारा आणि जात विचारायला न लाजणारा प्रशिक्षित समुपदेशक.