भरलेली की रिकामी?

तळवलीत आम्ही नवखे होतो. घणसोलीला खेटून असलेल्या या मूळच्या आगरी-कोळी गावाभोवती आता इमारतींची दाटी झाली आहे. कामधंद्यासाठी आलेली आपली काही कुटुंबेही तेथे विसावली आहेत. अशाच एका घरी प्रार्थनेसाठी गेलो, तेव्हा यजमान आपली परवान्याची दुनळी बंदूक कपाटात कुलूपबंद करीत होते. सैन्यातून निवृत्त झालेले हे गृहस्थ बँकेच्या दारावर पहारा देतात.

बंदुकीच्या विषयात आमचे ज्ञान शून्य. आम्ही भाबडेपणाने विचारले, "चाप ओढला की गोळी ढकलली जाते ना?" घरातील मुले खुदकन हसली.

"नाही, फादर," यजमान म्हणाले. "चाप फक्त अडकण सोडवतो. ताणलेल्या स्प्रिंगमुळे घोडा सुटतो, खिळा काडतुसाच्या बुडाच्या टोपीवर आदळतो. टोपी पेटते, तिच्यामुळे दारू पेटते, आणि दारूचा वायू छर्ऱ्यांना नळीबाहेर लोटतो. काडतुसाचे कवच मागेच राहते."

'बारा बोअर' म्हणजे बारा गोळ्यांची बंदूक, हा आमचा समजही त्यांनी दूर केला. नळीच्या मापाच्या शिशाच्या १२ गोळ्यांचे वजन मिळून एक पौंड, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम भरते. त्यावरून हे नाव पडले. ही नळी आतून गुळगुळीत असते. रायफलीच्या नळीत मात्र आटे असतात. त्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते.

"आणि लग्नकार्यात हवेत झाडतात ती?"

"वर गेलेली खाली येतेच, फादर." १९५९ च्या शस्त्र कायद्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन, अशा बेपर्वा गोळीबारास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा ठरल्या आहेत.

शेवटी आम्ही विचारले, "बंदूक रिकामी आहे, हे बाहेरून कसे ओळखावे?"

ते गंभीर झाले. "ओळखता येत नाही. उघडून पाहावेच लागते. म्हणून प्रत्येक बंदूक भरलेलीच समजायची. नळी माणसाकडे कधी वळवायची नाही. आणि बोट चापाबाहेर ठेवायचे."

वाचकहो, त्या क्षणी आमच्या डोळ्यांपुढे पंचवीस वर्षांपूर्वीची एक शवपेटी उभी राहिली. रिकामी समजून हाताळलेल्या बंदुकीचा बार उडून एक अकरा वर्षांचा मुलगा गेला होता. आम्ही तेव्हा तरुण धर्मगुरू होतो. अंत्यविधीच्या वेळी त्याच्या आईला आम्ही सांगितले होते, "बाई, ही देवाची इच्छा."

अडकण, घोडा, खिळा, टोपी, दारू. या साखळीतील प्रत्येक कडी माणसाच्या हातची आणि प्रत्येक ठिकाणी थांबता येण्यासारखी. ज्याने नळी उघडून पाहिली नाही, त्याचा भार आम्ही परमेश्वराच्या माथी टाकला होता. ज्ञान नव्हते, ही सबब लंगडी आहे; विचारण्याची लाज वाटली, हे खरे.

घरी परतल्यावर त्या मातेस आम्ही पत्र लिहिले आणि आमचे ते वाक्य मागे घेतले. उत्तर आलेले नाही. ते यावे असा हट्टही नाही. परंतु तेव्हापासून कोणाच्या दुःखावर बोलण्याआधी आम्ही चार भाबडे प्रश्न विचारतो. मुले हसली तरी हरकत नाही.