पेटींतली किल्ली

आमच्या कॉलेजच्या गच्चीवर एक पांढरी, जाळीची पेटी आहे. तिच्यांत हवेचें तपमान आणि आर्द्रता मोजणारें एक यंत्र मीं बसविलें आहे. यंत्र म्हटल्यावर वाचकांनीं कांहीं भव्य डोळ्यांपुढें आणूं नये. 2012 सालीं प्रथम बाजारांत आलेला रास्पबेरी पाय नांवाचा हा संगणक पत्त्यांच्या जोडाएवढा आहे. दर दहा मिनिटांनीं तो एक ओळ लिहितो: तारीख, वेळ आणि दोन आंकडे. खानदेशचा उन्हाळा काय असतो हें आम्हांला अंगानें ठाऊक असतें. तें आंकड्यांतही असावें, एवढीच माझी हौस.

पण या हौसेला वीज आडवी आली. आमच्याकडे ती जातांना निरोप घेऊन जात नाहीं. संगणक कार्डावर कांहीं लिहीत असतां वीज गेली कीं लेखन अर्धवट राहतें, आणि त्या अर्धवटपणांत कधीं कधीं सारें कार्डच नासतें. गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशीं तसेंच झालें. मी परगांवीं होतों. परत येऊन पाहतों तों अठरा दिवस कोरे. मृगाचा पहिला गारवा, ज्याची सारा गांव दोन महिने वाट पाहतो, तो माझ्या नोंदींत नव्हताच.

माझ्यापाशीं शिकून गेलेला एक विद्यार्थी हल्लीं पुण्यास अशाच लहान यंत्रांचें काम करतो. दिवाळींत तो भेटावयास आला, तेव्हां मीं त्याला हें गाऱ्हाणें सांगितलें. तो म्हणाला, "सर, तुम्ही तयार सिस्टीम टाकली आहे. तुमचें काम काय, हें तिला ठाऊकच नाहीं. सोर्सपासून आपली आपण बांधा."

मी हंसलों. जें तयार मिळतें तें घरीं कां करावें, हा प्रश्न पन्नाशी उलटलेल्या माणसास सहज सुचतो. परंतु चैत्रवैशाखांत गच्चीवर बिबडे घालणाऱ्या आमच्या घरच्या मंडळींना मीं तो कधीं विचारला नव्हता. तेव्हां त्यालाही विचारतां येईना.

त्यानें समजावून दिलें तें असें. तयार लिनक्स म्हणजे लग्नघर. कोण कशाला आलें आहे याचा पत्ता नसतो, आणि प्रत्येकजण कोठें ना कोठें कांहींतरी लिहीत असतो. आपल्याला माणसें हवींत चारच: एक कर्नेल, बिझीबॉक्स नांवाची आज्ञांची लहानशी पोतडी, घड्याळाची सोय आणि मोजमाप करणारा आपला प्रोग्रॅम. एवढेंच घेऊन स्क्वॅशएफएस या पद्धतीनें तें घट्ट दाबून बंद करावयाचें. म्हणजे तें वाचतां येतें, पण त्यावर लिहितां येत नाहीं. वीज कितीही वेळां गेली तरी जेथें लेखनच नाहीं तेथें अर्धवट राहणार काय? आंकडे लिहिण्यापुरता कार्डाचा एक वेगळा तुकडा मोकळा ठेवावा. बिघडला तर तो बिघडेल. यंत्र पुन्हां उभें राहील.

हें सारें एका ठिकाणीं जुळवून देणारें बिल्डरूट नांवाचें साधन आहे. लांबलचक याद्या पुढें येतात. हें हवें, हें नको, अशा खुणा करीत जावयाच्या. पुढचें काम तें स्वतः करतें, आणि त्या कामाचा क्रम मला फार आवडला. ज्या यंत्रासाठीं बांधावयाचें तें दुबळें. म्हणून बांधकाम दुसऱ्या, सशक्त यंत्रावर करतात. पण दोघांच्या प्रोसेसरांची बोली निराळी. तेव्हां सर्वांआधीं असा कंपाइलर घडवावा लागतो, जो राहतो एका घरीं आणि बोलतो दुसऱ्या घरची भाषा. तो तयार झाला कीं त्याच्या हातून कर्नेल, मग बाकीचीं लहानमोठीं साधनें, आणि शेवटीं सर्वांची मिळून एक इमेज. प्रयोगशाळेंतल्या जुन्या संगणकानें त्यासाठीं सकाळ घालविली. पडद्यावरून ओळी सरकत होत्या आणि मी चहा घेत, कंदुरीच्या पातेल्यापाशीं बसल्यासारखा, नुसता पाहत बसलों होतों. हातीं आलेली इमेज तीस मेगाबाइटांहून लहान होती. मला फार अभिमान वाटला.

तो फार वेळ टिकला नाहीं. कार्ड घातलें, तीन तारांची केबल जोडली आणि यंत्र काय बोलतें तें पडद्यावर वाचूं लागलों. कर्नेल जागा झाला, स्मृति मोजली, कार्ड ओळखलें, आणि थांबला. मूळ फाइलसिस्टीम उघडतां येत नाहीं, कर्नेल पॅनिक. दोन दिवस मीं कार्डें बदललीं, केबल बदलली, याद्या पुनःपुन्हां तपासल्या. अखेर पुण्यास फोन केला. त्यानें एकच विचारलें, "सर, स्क्वॅशएफएसचा ड्रायव्हर कर्नेलच्या पोटांत आहे कीं मॉड्यूल म्हणून बाहेर?"

तो बाहेर होता. मॉड्यूल म्हणजे गरज पडेल तेव्हां फाइलसिस्टीमवरून उचलून घ्यावयाचा भाग. आणि ती फाइलसिस्टीम होती स्क्वॅशएफएसनेंच बंद केलेली. पेटी उघडण्याची किल्ली मीं त्याच पेटींत ठेवून झांकण लावलें होतें! यादींतली एक खूण बदलली, कर्नेल पुन्हां कंपाइल केला, आणि यंत्र सुरू झालें.

यंत्र चाललें, मी मात्र त्या संध्याकाळीं जागच्या जागीं बसून राहिलों. बावीस वर्षांपूर्वींची एक गोष्ट आठवली, आणि ती अशा वेळीं कां आठवावी हें मला चांगलें कळत होतें.

पहिल्या वर्षाच्या शास्त्राच्या वर्गांत गिरणाकांठच्या एका खेड्यांतून आलेला मुलगा होता. फळ्यावरची आकृति दाखवून मीं त्याला इंग्रजींत प्रश्न विचारला. तो उभा राहिला, गप्प राहिला. मीं तोच प्रश्न तसाच, अधिक मोठ्यानें विचारला. तेव्हां तो अहिराणींत म्हणाला, "माले समजनं नही." वर्ग हंसला. मीही हंसलों. तासानंतर त्याला बाजूला घेऊन मीं उपदेश केला, कीं इंग्रजी आल्यावांचून शास्त्र येणार नाहीं. त्यानें विचारलें, "आणि इंग्रजी कशी येईल, सर?" मी म्हणालों, "इंग्रजी पुस्तकें वाचीत जा." त्यानें मान हलविली. दिवाळीनंतर तो परत आला नाहीं, आणि मीं चौकशी केली नाहीं.

माझे वडील इंग्रजी शिकवीत. माझी किल्ली माझ्या पोटांत घरींच घातली गेली होती. ती कधीं शोधावी लागली नाहीं, म्हणून ती किल्ली आहे हेंच मला ठाऊक नव्हतें. इंग्रजीविषयीं माझी तक्रार नाहीं. माझी भाकर तिनेंच दिली. पुष्कळसे भाग मागाहून, लागतील तसे, आणतां येतात, आणि तसेच आणावे. पण पहिलें दार ज्यानें उघडावयाचें तें तरी माणसाच्या आंतच, त्याच्या घरच्या बोलींत, असलें पाहिजे.

चाळीसगांवाजवळ पाटण येथें एक शिलालेख आहे; भाऊ दाजींनीं तो एकोणिसाव्या शतकांत विद्वानांच्या नजरेस आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून मठ स्थापिला, त्याला मिळालेल्या दानाचा तो लेख आहे. काळ शके 1128, म्हणजे सन 1207 च्या सुमाराचा. वंशाची थोरवी आणि शास्त्राची स्तुति त्यांत संस्कृतांत आहे. पण शेवटीं मठाला काय काय मिळावयाचें याचा तपशील येतो, आणि तेथें लेख जुन्या मराठींत उतरतो. ज्याला देणें द्यावयाचें त्याला तें समजलें पाहिजे, एवढें त्या पंडितांना कळत होतें. दरवर्षीं विद्यार्थ्यांची सहल नेऊन तो लेख मी त्यांना सांगत आलों. मला स्वतःला तो आतां वाचतां आला.

यंदा पहिल्या वर्षाचा पहिला तास मीं मराठींत घेतला, आणि उत्तर कोणत्याही बोलींत चालेल असें सांगितलें. मागच्या बाकावरून एक अहिराणी उत्तर आलें. तें चूक होतें. परंतु नेमकें कोठें चुकलें हें त्याला आणि मला दोघांनाही कळलें. मग आम्ही तेथून पुढें गेलों.

तो मुलगा आतां चाळिशींत असेल. त्याचें नांव मला आठवत नाहीं.

काल रात्रीं वीज तीनदां गेली. सकाळीं गच्चीवर जाऊन नोंद पाहिली. तीन ठिकाणीं कांहीं ओळी गळलेल्या आहेत, आणि प्रत्येक खंडानंतर पुढची ओळ आहे.