काळ्या पट्ट्यांवरचे पाच राग

हार्मोनियमच्या पांढऱ्या पट्ट्यांना हात न लावता फक्त काळ्या वाजवून पाहाव्यात. काळी तीनला सा धरला की भूप उमटतो. मग पट्ट्या त्याच ठेवून सा हलवायचा. काळी चारला मधमाद सारंग, काळी पाचला मालकंस, काळी एकला दुर्गा, काळी दोनला धानी. मूर्च्छनेची ही किमया मला अजूनही थक्क करते.

भूपाचे स्वर म्हणजे पाश्चात्त्यांचा मेजर पेंटाटॉनिक आणि धानीचे म्हणजे मायनर पेंटाटॉनिक, ब्लूज वाजवणाऱ्या गिटारवादकांचा लाडका. वगळलेले स्वर कोणते, हे पाहण्यासारखं आहे. शुद्ध सप्तकात अगदी लगतच्या जोड्या दोनच : ग-म आणि नि-सा. भूपात नेमके म आणि नि वर्ज्य. पांढरी सहाला सा धरून नुसत्या पांढऱ्या पट्ट्या वाजवल्या की नॅचरल मायनर, म्हणजे आपला आसावरी थाट मिळतो. तिथे लगतच्या जोड्या रे-ग आणि प-ध. रे आणि ध काढले की उरते धानी. लगतचे स्वर गेले की घर्षण जातं. म्हणून नवशिक्याची बोटं या पाचांत कशीही फिरली तरी कानाला खुपत नाही.

मायनर म्हणजे उदास, हे समीकरण मात्र मला मान्य नाही. कोमल गंधार सापासून तीन पट्ट्या दूर, शुद्ध गंधार चार. एवढ्या फरकाने रंग बदलतो हे खरं. पण मालकंसात ग, ध, नि तिन्ही कोमल, पंचम नाहीच, तानपुराही मध्यमात मिळवायचा, आणि तरी तो रडत नाही. तो गंभीर आहे, भारदस्त आहे. उलट किरवाणी ऐका. त्याचे स्वर हार्मोनिक मायनरचे. कोमल धैवत पंचमाला खेटून, शुद्ध निषाद षड्जाला खेटून, आणि त्या दोघांमध्ये तीन पट्ट्यांची झेप. तिथे जीव कासावीस होतो. मला वाटतं, व्याकुळता कोमलपणापेक्षा या लगटीतून आणि ओढीतून जास्त येते.

तरीही पट्ट्या मोजून राग हाती लागत नाही. भूप आणि देशकार यांचे पाचही स्वर तेच, साही तोच. भूप संध्याकाळनंतरचा, गंधारावर विसावणारा. देशकार सकाळचा, धैवताभोवती, उत्तरांगात रमणारा. भूप गाताना धैवतावर जरा जास्त रेंगाळलं की देशकाराची छाया पडते, आणि गुरू तिथेच थांबवून पुन्हा गंधारावर आणतात.