कुलूप आणि राखण

सिंहगडाच्या वाटेवरील धायरी हें गांव ऑक्टोबर २०१७ मध्यें पुणें महानगरपालिकेंत समाविष्ट झालें. तथापि धारेश्वराच्या परिसरांत राहणारे आम्ही जुने लोक अद्यापि "पुण्यास जाऊन येतों" असेंच म्हणतों. येथें एकादशीस भजनास बसणाऱ्या आमच्या लहानशा मंडळाची एक वही आहे. तीन पिढ्यांच्या हस्ताक्षरांतील ती वही आणि एका वृद्ध गायकांच्या आवाजांत ध्वनिमुद्रित केलेल्या चाली, एवढेंच आमचें धन होतें.

कांहीं वर्षांपूर्वीं हें धन महाजालावर ठेवावें असें ठरलें. तरुण मंडळींनीं विकी सुचविला. म्हणजे ज्यांतील पान वाचणाऱ्यासही दुरुस्त करतां येतें असें स्थळ. आम्हीं त्यास कडाडून विरोध केला. वाटेल त्यानें यावें आणि अभंगांतील शब्द बदलावा, ही कल्पनाच आम्हांस सहन होईना. अखेरीस आमचें म्हणणें मान्य होऊन बंद संकेतस्थळ निघालें. पाहण्याची मुभा सभासदांस, आणि सर्व व्यवस्था एका विश्वासू गृहस्थांकडे.

पुढें ते गायक गेले, आणि मागोमाग ते गृहस्थही वारले. त्यांच्याजवळील परवलीचा शब्द कोणासच ठाऊक नव्हता. स्थळाचें भाडें भरावयाचें राहिलें, आणि एके दिवशीं तें नाहींसें झालें. वही घरीं होती म्हणून वांचली, आवाज गेला. गायकांची नात आजोबांच्या चाली मागावयास आली, तेव्हां तिच्या हातीं देण्यासारखें आमच्यापाशीं कांहींच नव्हतें.

त्या दिवसापासून महानुभाव पंथाच्या ग्रंथांचा इतिहास आम्हांस वारंवार आठवतो. चक्रधरस्वामींच्या लीळा म्हाइंभटांनीं तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत ज्यांनीं स्वामींस पाहिलें होतें त्यांस भेटून, विचारून जमविल्या, आणि नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या. मूळ प्रत पुढें परचक्रांत नष्ट झाली असतां अनेकांच्या स्मरणावरूनच ती पुन्हां उभी राहिली; लीळाचरित्राचे पाठ एकाहून अधिक आढळतात ते यामुळें. चौदाव्या शतकांत पंथाचें वाङ्मय सकळ, सुंदरी इत्यादि सांकेतिक लिप्यांत लिहिलें जाऊं लागलें. तें अनधिकाऱ्याच्या हातीं पडूं नये, हा त्यांतील हेतु होता, व त्यास हंसण्याचें कारण नाहीं. परंतु मराठीच्या आद्य गद्याचा हा ठेवा उर्वरित महाराष्ट्रास पांचशेंहून अधिक वर्षें बहुतांशीं अज्ञात राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभीं राजवाडे, भावे प्रभृति संशोधकांच्या खटपटीनें ती लिपि बाहेर उलगडली. पंथांत मात्र तिची किल्ली पिढ्यान्‌पिढ्या अनेकांच्या हातीं होती, म्हणून कुलूप लागूनही ग्रंथ जगले. आमची किल्ली एकाच हातीं होती.

आमची भीति सर्वस्वीं निराधार होती, असें मात्र कोणी समजूं नये. ज्ञानेश्वरी सर्वांस मोकळी होती, आणि म्हणूनच लेखकांगणिक तिचे पाठ बदलत गेले. शके १५०६ मध्यें, म्हणजे इ. स. १५८४ सालीं, एकनाथांस ती शुद्ध करावी लागली, आणि तींत कोणीं आपल्या ओव्या घालूं नयेत असें बजवावें लागलें. तेव्हां राखण पाहिजेच. आमची चूक एवढीच, कीं राखणीचें काम कुलूप करील असें आम्हीं धरून चाललों. नाथांनीं ग्रंथ पेटींत बंद केला नाहीं. तो शोधून शुद्ध पाठ पुन्हां लोकांच्याच हातीं दिला.

तरीही पूर्वींचे पाठ काय होते, हा प्रश्न उरलाच. १९०९ सालीं राजवाड्यांनीं एकनाथपूर्व म्हणून एक प्रत छापली, आणि पाठांचा वाद नव्यानें पेटला. विकीची रचना आम्हीं आतां समजून घेतली, तेव्हां या बाबतींत तिचा एक गुण ध्यानांत आला. १९९५ सालीं वॉर्ड कनिंगहॅम यांनीं सुरू केलेल्या या पद्धतीचा आजचा प्रघात असा, कीं शब्द बदलला तरी जुना शब्द पुसला जात नाहीं. कोणत्या खात्यावरून, केव्हां, काय बदललें याची नोंद राहते, आणि खोडसाळपणा झाल्यास पूर्वींचें पान परत आणतां येतें. अर्थात् लक्ष ठेवणारीं माणसें हवींत. तीं नसतील तर ही नोंदही व्यर्थ. सभासदांचे पत्ते, वर्गणीचे हिशेब, कोणाच्या घरचें दुःख, हें बंदच असावें. देवाच्या नांवानें चारचौघांत गाइलेलें मात्र बंद ठेवण्याचा अधिकार आम्हांस कोणीं दिला होता?

हल्लीं ती वही आम्हीच खुल्या विकीवर उतरवीत आहों. एका अभंगांत आमच्या वडिलांनीं एक शब्द खोडून वर दुसरा लिहिला आहे. खोडलेला अजून वाचतां येतो. आम्हीं दोन्ही उतरविले. दुसऱ्याच दिवशीं नऱ्ह्याच्या एका अपरिचित गृहस्थांनीं त्याच पानावर नोंद केली, कीं त्यांच्याकडे तिसराच शब्द म्हणतात. पूर्वीं आम्हांस याचा संताप आला असता. या वेळीं आम्हीं त्यांस विचारलें, "आमच्या त्या गायकांच्या चाली आपल्याकडे अजून कोणास येतात काय?"